सेकंडहँड कन्सोल घेताय? डबा नंतर बघा, आधी त्याचा इतिहास बघा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत जुनी गॅजेट्स घेताना काय बघावं यावर लेख आला होता, लेख चांगलाच होता पण गेमिंग कन्सोलच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन ओळी आल्या, ओरखडे बघा, बिल मागा आणि चालू करून बघा. आता हे तर कुठल्याही जुन्या वस्तूला लागू होतं. कन्सोलची भानगड वेगळी आहे आणि ती नीट माहीत नसल्यामुळे लोक फसतात, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण बॅनचा (म्हणजे कंपनीने घातलेल्या बंदीचा) भाग तेवढा ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुना कन्सोल घेताना तुम्ही पैसे डब्याचे देता, पण त्या डब्यावर काय चालेल आणि काय नाही हे बऱ्याच अंशी कंपनीच्या सर्व्हरवर ठरलेलं असतं, आणि आधीच्या मालकाने जे काही उद्योग करून ठेवले असतील ते सिरियल नंबरला चिकटून तुमच्या घरी येतात. फोन जुना घेतला तर रिसेट मारून तो बऱ्यापैकी आपला होतो. कन्सोल रिसेट मारला तरी कधीकधी आधीच्याचाच राहतो.

आता मुळापासून. लोक मला विचारतात की पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) मिळतोय, घेऊ का, आणि मी उलट विचारतो की खेळायचं काय आहे, तर उत्तर येतं की बघू नंतर, आधी मशीन तर येऊ दे. इथेच गाडी चुकते. पीएस ४ आला २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मशीन दशक ओलांडून पुढे गेलंय, त्यावर आजही खेळण्यासारखे ढीगभर गेम आहेत आणि जुन्या डिस्क सहज मिळतात, त्यामुळे ज्याने तो काळ कधी अनुभवलाच नाही त्याच्यासाठी ते अजूनही मस्त मशीन आहे. पण पोराच्या डोक्यात जर जीटीए ६ असेल तर पीएस ४ आणून काही उपयोग नाही, तो गेम पीएस ५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स, सिरीज एस एवढ्यांसाठीच जाहीर झालाय. मग पोरगं तोंड पाडून बसणार आणि तुम्ही म्हणणार एवढा खर्च करून वर याचीच नाटकं. आधी पाच-सहा गेमची नावं कागदावर लिहायला सांगा, ते कुठकुठल्या मशीनवर चालतात ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. कधीकधी तर असं निघतं की ते सगळे गेम घरातल्या कॉम्प्युटरवरच चालतात आणि कन्सोलची गरजच नाही.

जुने गेम नव्या मशीनवर चालतात का हाही हिशोबाचाच भाग आहे. पीएस ५ वर पीएस ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, पीएस ३ च्या डिस्क मात्र पीएस ४ वरही चालत नाहीत आणि पीएस ५ वरही नाहीत. सिरीज एक्सवर एक्सबॉक्स वनचे गेम चालतात, शिवाय एक्सबॉक्स ३६० चे आणि अगदी पहिल्या एक्सबॉक्सचे पण बरेच चालतात. निन्टेन्डोच्या स्विच २ वर आधीच्या स्विचचे बहुतेक गेम चालतात. त्यामुळे आज पीएस ४ घेऊन डिस्क जमवल्या आणि उद्या पीएस ५ घेतला तर त्या डिस्क वाया जात नाहीत. फक्त पीएस ५ डिस्कवाला पाहिजे!

आणि हा डिस्कचा मुद्दा लोक फारच हलक्यात घेतात. पीएस ५ ची सुरुवातीची डिजिटल एडिशन, एक्सबॉक्स सिरीज एस, ही मशीनं जुन्या बाजारात स्वस्त दिसतात आणि घेणाऱ्याला वाटतं की तेच मशीन थोडं स्वस्तात मिळतंय. त्यात डिस्क घालायला फटच नसते राव. म्हणजे जुनी डिस्क विकत घेणं नाही, मित्राकडून मागून आणणं नाही, गेम संपल्यावर विकणं नाही, कायम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून कंपनी म्हणेल त्या भावाने घ्यायचं. जो माणूस पैसे वाचवायला सेकंडहँड मशीन शोधतोय त्यानेच डिस्क नसलेलं मशीन घ्यायचं म्हणजे एका हाताने वाचवून दुसऱ्या हाताने घालवायचं. माझ्या मते जुना घ्यायचा तर डिस्कवालाच घ्या, घरात इंटरनेट कितीही फास्ट असलं तरी.

(२०१३ ची गंमत आठवते का कुणाला? एक्सबॉक्स वन यायच्या आधी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की मशीन चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावंच लागेल आणि जुने गेम विकण्या-देण्यावर पण बंधनं येतील. लोक एवढे भडकले की त्याच जून महिन्यात कंपनीला सगळं मागे घ्यावं लागलं. सोनीने तेव्हा एक छोटासा व्हिडिओ काढला होता, पीएस ४ वर गेम शेअर कसा करायचा, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो आणि तो थँक्स म्हणतो, संपला व्हिडिओ. त्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि आज तीच सोनी पीएस ५ प्रो बॉक्समध्ये डिस्क ड्राइव्ह न देता विकते, वेगळा घ्या म्हणते.)

डिस्क ड्राइव्हमध्ये अजून एक मेख आहे. पीएस ४ चा ड्राइव्ह बिघडला तर दुसऱ्या पीएस ४ चा काढून जसाच्या तसा बसवता येत नाही कारण ड्राइव्हचं सर्किट त्या-त्या मशीनच्या मदरबोर्डशी जोडी जमवलेलं असतं, रिपेअरवाल्याला मूळ बोर्ड तसाच ठेवून बाकीचे भाग बदलावे लागतात. २०२३ च्या स्लिम पीएस ५ ला जो काढता-घालता येणारा ड्राइव्ह आहे तोही पहिल्यांदा लावताना इंटरनेटवरून मशीनशी पेअर करावा लागतो. म्हणून विकणारा जेव्हा म्हणतो ना की ड्राइव्ह जरा नखरे करतो पण साध्या दुरुस्तीत होऊन जाईल, तेव्हा त्याला सांगा की मग करून घे आणि मला फोन कर.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीत हमखास एक ओळ असते, ‘सोबत पन्नास गेम लोडेड’. हे वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि खरं तर इथेच कान टवकारले पाहिजेत, कारण एवढे गेम मशीनमध्ये असण्याचे अर्थ दोनच. एक तर ते डिजिटल घेतलेले आहेत, म्हणजे ते मशीनचे नाहीतच, विकणाऱ्याच्या अकाउंटचे आहेत, मशीन रिसेट झालं की गेले. मग तो म्हणेल की अकाउंट पण देतो, ईमेल पासवर्ड सगळं घे. असं अकाउंट विकणं कंपनीच्या नियमात बसत नाही ही एक गोष्ट झाली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते अकाउंट कायम त्याचंच राहतं, सहा महिन्यांनी त्याने जुनं बिल दाखवून कस्टमर केअरकडून पासवर्ड बदलून घेतला की तुम्ही बाहेर. तुमच्या पोराने खेळून खेळून जमवलेलं सगळं आत, आणि तुम्ही दारात!

दुसरा अर्थ, मशीन जेलब्रेक केलेलं आहे, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेलं आहे, आणि सगळे गेम पायरेटेड आहेत. पीएस ४ च्या ठरावीक जुन्या सॉफ्टवेअरवर हे होतं, म्हणून ही मशीनं मुद्दाम जुन्या व्हर्जनवर ठेवलेली असतात, विकणारा बजावून सांगतो की अपडेट अजिबात करू नको. आता अपडेट न करता ऑनलाइन जाता येत नाही, मित्रांबरोबर खेळता येत नाही, नव्या सॉफ्टवेअरवर निघालेले गेम चालत नाहीत, आणि पोराने चुकून अपडेटचं बटण दाबलं की ते पन्नास गेम पण गेले. चोरीचा माल आहे हे आहेच, पण ज्याला त्याचं काही वाटत नाही त्यानेही व्यवहार म्हणून बघावं. जे फुकट मिळालं म्हणून तुम्ही वरचे पैसे मोजले ते एका बटणावर टांगलेलं आहे.

आणि मग बॅन. हे बहुतेकांना माहीतच नसतं की बॅन दोन प्रकारचे असतात, एक अकाउंटवर आणि एक मशीनवर. अकाउंटवरचा बॅन आधीच्या मालकापाशी राहतो, आपल्याला त्याचं घेणंदेणं नाही. मशीनवरचा बॅन मात्र मशीनबरोबर येतो. कोणी चीटिंग केली, पायरसी केली, चोरलेल्या कार्डावर खरेदी केली, कारण काहीही असो, कंपनी ते मशीनच ब्लॉक करते आणि मग तुम्ही कितीही सोज्वळ असा, तुमचं स्वतःचं कोरं अकाउंट घेऊन बसलात तरी ऑनलाइन सेवा बंद. पीएस ४ वर डब्ल्यूएस-३७३९७-९ हा एरर आला की समजायचं, हे मशीनच बॅन आहे. हा एरर कधी दिसतो, तर साइन-इन करायला गेल्यावर. म्हणजे विकणाऱ्याने डिस्क टाकून गेम चालवून दाखवला, फुटबॉलची एक मॅच पण खेळवली, तुम्ही खूश होऊन घरी आलात, आणि रात्री पोरगं म्हणतं ऑनलाइन जात नाहीये. विकणाऱ्याचा फोन तोपर्यंत स्विच्ड ऑफ.

निन्टेन्डोचं तर अजून कडक झालंय. पहिल्या स्विचमध्ये, साधारण २०१८ च्या मध्यापर्यंत बनलेल्या मशीनमध्ये, चिपमध्येच एक फट राहिली होती जी सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता येत नाही, त्यामुळे त्या काळातली बरीच मशीनं हॅक झाली आणि त्यातली कित्येक बॅन झाली. म्हणून फार जुना स्विच घेताना जास्त सावध. स्विच २ यायच्या आधी, मे २०२५ मध्ये, कंपनीने अमेरिकेतल्या युजर अ‍ॅग्रीमेंटमध्ये सरळ लिहून टाकलं की नियम मोडले तर मशीन पूर्ण किंवा काही प्रमाणात कायमचं निकामी करू शकतो. मशीन जूनमध्ये आलं आणि थोड्याच दिवसांत नकली कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) वापरणाऱ्यांची मशीनं ऑनलाइनमधून बाहेर काढल्याच्या बातम्या यायला लागल्या. नकली कार्ट्रिज वापरणारा पुढे काय करणार? मशीन विकणार. कोणाला? ज्याला हे काहीच माहीत नाही त्याला.

तर बघायचं कसं. विकणाऱ्याच्या समोर, टीव्ही आणि वायफाय असेल अशा ठिकाणी, त्याला सांगायचं की आधी तुझं अकाउंट काढ आणि फॅक्टरी रिसेट मार. पीएस ४ वर सेटिंग्जमध्ये इनिशियलायझेशन म्हणून आहे, त्यात क्विक निवडलं तर लवकर होतं, फुल निवडलं तर तासन्‌तास बसाल. रिसेट झाल्यावर मशीन अगदी नवीन असल्यासारखं भाषा विचारतं, वायफाय विचारतं, मग अपडेट मागतं. ते अपडेट होऊ द्या. मोठं असतं, विकणाऱ्याचे पाय हलायला लागतात, मला कामाला जायचंय म्हणतो, बसून राहा. मग तुमचं स्वतःचं अकाउंट टाकून साइन-इन करा (ते आधीच फोनवर बनवून ठेवा, तिथे बसून बनवायला गेलात तर ओटीपीत अर्धा तास जातो), ऑनलाइन स्टोअर उघडून बघा, एखादा फुकटचा छोटा गेम डाउनलोडला लावा. एवढं झालं तर मशीन तुमचं. विकणारा म्हणाला की टीव्ही नाहीये, वायफाय बंद आहे, तुम्ही घरी नेऊन निवांत बघा, तर नमस्कार करून निघायचं.

विकणाऱ्यांनाही यात सांगण्यासारखं आहे, तुम्ही मशीन तसंच देऊन टाकता आणि त्यात तुमचं कार्ड सेव्ह असतं, मग कोणीतरी दुसरंच तुमच्या पैशाने गेम घेतं. रिसेट तुमच्याही फायद्याचं आहे.

हार्डवेअरचं थोडक्यात, कारण ते तुमच्या लेखात होतंच. कन्सोल पाच मिनिटं चालू करून काही कळत नाही, तेवढ्यात तो गरमच होत नाही. जड ग्राफिक्सचा गेम अर्धा तास चालवा आणि मागच्या बाजूला हात धरा. पंखा वाढत जाणं नॉर्मल आहे, जुना पीएस ४ तर टेक ऑफ घेतल्यासारखा आवाज करतोच, पण आवाज वाढतोय आणि मागून येणारी हवा मात्र जेमतेम असं असेल तर आत धूळ साचलीय किंवा चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळलीय. मशीन मध्येच बंद पडलं तर विषयच संपला. एचडीएमआयचं पोर्ट टॉर्च मारून बघा, आतली पट्टी सरळ आहे का, पिना वाकल्यात का. केबल लावून हळूच हलवली आणि चित्र गेलं तर पोर्ट ढिलं आहे, ते काम साध्या सोल्डरिंगचं नसतं. डिस्क दोन-तीनदा आत-बाहेर करा, घरघर ऐका. आणि हे वाचून हसू नका, पण पाठीमागच्या जाळीतून आत टॉर्च मारून झुरळांची घाण आहे का बघा, मशीन उबदार असतं, आत अंधार असतो, झुरळांना अजून काय पाहिजे, रिपेअर करणारा कोणीही तुम्हाला याच्या कहाण्या सांगेल.

कंट्रोलरकडे मात्र जास्त लक्ष द्या. स्टिकला हात न लावता स्क्रीनवरचं पात्र आपोआप एका बाजूला सरकत असेल तर तो ड्रिफ्ट, स्टिकच्या आतला सेन्सर झिजला की होतो. स्विचच्या जॉय-कॉनला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या छोट्या कंट्रोलरना, हा रोग इतका होता की २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी माफी मागितली. जॉय-कॉन निदान काढून दुसरे लावता येतात, स्विच लाइटला ते अंगचेच असतात, म्हणजे ड्रिफ्ट आला तर मशीनच उघडायचं, शिवाय लाइट टीव्हीला जोडता येत नाही हे पण घरी आणल्यावर कळणारे लोक मी बघितलेत. साधा स्विच घेताना सिरियल नंबर एक्सएडब्ल्यूने सुरू होतो की एक्सकेडब्ल्यूने ते बघा, एक्सकेडब्ल्यू म्हणजे २०१९ च्या मध्यानंतरचं, त्याची बॅटरी बरीच जास्त टिकते. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हा फरक माहीत नसतो, त्यामुळे भाव तोच सांगतो.

सिरियल नंबरवरून आठवलं, बॉक्सवरचा आणि मशीनवरचा नंबर जुळतो का ते बघितलंच पाहिजे, आणि वॉरंटीचं सील फुटलेलं असेल तर कोणी उघडलं, कशाला उघडलं ते विचारा. पीएस ५ मध्ये चिप आणि हीटसिंकच्या मध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, ते वीजवाहक असतं, कोणीतरी व्हिडिओ बघून साफसफाईला उघडलेला पीएस ५ मी तरी घेणार नाही.

अजून जुन्या, म्हणजे हौसेच्या मशीनबद्दल. पीएस ३, एक्सबॉक्स ३६०, निन्टेन्डोचे थ्रीडीएस आणि वी यू, हे अगदी कमी किमतीत मिळतात आणि मोह होतो. घ्या, पण काय मिळणार नाही ते समजून घ्या. थ्रीडीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणं पण संपलं. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सोनीने २०२१ मध्ये पीएस ३ आणि व्हिटाचं (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) दुकान बंद करायचं ठरवलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ते राहिलं. म्हणजे अशा मशीनवर तुमच्या हातात डिस्क किंवा कार्ट्रिज जेवढी, तेवढीच तुमची लायब्ररी. ३६० मध्ये सुरुवातीच्या मशीनचा तो बिघडून तीन लाल दिवे लागण्याचा घोळ पण होता, २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वॉरंटी तीन वर्षं करावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त बाजूला काढावे लागले, तेव्हा ३६० घेतलाच तर नंतरचं स्लिम मॉडेल घ्या. एक चांगली बातमी पण आहे, पीएस ४ च्या आत एक छोटा बटण सेल असतो, सीआर २०३२, तो संपला आणि सोनीचे सर्व्हर नसले तर गेमच सुरू होणार नाहीत अशी भीती होती, ती सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटने संपवली. म्हणजे अपडेट केलेला पीएस ४ डिस्कवर पुढची कित्येक वर्षं चालू शकतो.

आता पैशाचं. पूर्वी असं असायचं की मशीन बाजारात जुनं होत गेलं की नव्याची किंमत उतरायची, त्यामुळे थांबणं फायद्याचं असायचं. या पिढीत उलटंच झालं, सोनीने २०२२ मध्ये बऱ्याच देशांत पीएस ५ महाग केला, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एक्सबॉक्स महाग केले. त्यामुळे सेकंडहँडवाले पण ताठ झालेत, मूळ किमतीत थोडीफार सूट देऊन दिल्यासारखं करतात. तुम्ही हिशोब पूर्ण मांडा. जुन्या मशीनबरोबर येणारा कंट्रोलर बहुतेक वेळा बदलावा लागतो, तो धरा. बहुतेक विकत घेतलेले गेम ऑनलाइन खेळायचे तर दर महिन्याची किंवा वर्षाची मेंबरशिप लागते, ती नव्या-जुन्या दोन्ही मशीनला सारखीच लागते, ती धरा. जागा धरा, सिरीज एसच्या ५१२ जीबीमधली प्रत्यक्षात सुमारे ३६४ जीबीच हातात येते, आणि आजकाल एकेक गेम शंभर जीबीच्या वर जातो. पीएस ५ ला बाजारातली वेगवान एम.२ एसएसडी (आत बसवायची साठवणीची पट्टी) लावता येते, सिरीज एसला नवे गेम खेळायला खास कार्डच लागतं आणि ते महाग असतं. हे सगळं मिळवून नव्याच्या आणि जुन्याच्या किमतीत जेमतेम चौथा हिस्सा फरक राहत असेल तर नवा घ्या, वॉरंटी तेवढ्या पैशाची आहे. निम्म्याच्या आसपास येत असेल तर जुन्याचा विचार करण्यात अर्थ आहे. कंपनीचा किंवा भरवशाच्या दुकानाचा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) पीस वॉरंटीसकट मिळत असेल तर तो मधला मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो, थोडे जास्त जातात पण बॅनचं झंझट त्यांच्या गळ्यात.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. जुनी स्कूटर घेताना आपण आरसी बुक बघतो, गाडी कोणाच्या नावावर, कर्ज आहे का, चोरीची तर नाही, हे तपासून मग पैसे देतो आणि मग ती आपल्या नावावर होते. कन्सोलच्या बाबतीत ही सगळी माहिती कंपनीकडे असते, मशीन बॅन आहे की नाही हे तिच्या सर्व्हरला क्षणात कळतं, मग विकत घेणाऱ्यालाच का कळू नये? सिरियल नंबर टाकला की हे मशीन स्वच्छ आहे की ब्लॉक आहे एवढं हो किंवा नाही सांगणारं एक अधिकृत पान पाहिजे. बॅन करू नका असं मी म्हणत नाही, चीटिंग करणाऱ्यांना हाकललंच पाहिजे, ऑनलाइन खेळताना त्यांचा वैताग आम्हालाच होतो. पण शिक्षा ज्याने केलं त्याला व्हावी, आणि इथे ज्याने केलं तो पैसे घेऊन मोकळा होतो. बिल दाखवून, मालक बदललाय हे सिद्ध करून मशीनवरचा बॅन उठवण्यासाठी अर्ज करायची ठरलेली पद्धत पण हवी, आत्ता माणूस कस्टमर केअरच्या चॅटवर तेच ते उत्तर वाचत बसतो.

आणि दुसरं, डिस्क नसलेल्या मशीनच्या बॉक्सवर ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे. ‘डिजिटल एडिशन’ या दोन शब्दांवरून आई-वडिलांना काय कळणार, त्यांना वाटतं काहीतरी भारी मॉडेल असेल. स्विच २ च्या काही गेमचंही तसंच, डबीत कार्ड मिळतं पण त्यात गेम नसतोच, फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोड करावा लागतो. ते कार्ड पुढे विकता येतं हे त्यातल्या त्यात बरं.

तुमच्याकडे बातमीदार आहेत, कंपन्या त्यांना उत्तर देतात, आम्हाला देत नाहीत. तेव्हा या तिन्ही कंपन्यांना एवढंच विचारा की बॅन झालेलं मशीन नकळत विकत घेणाऱ्याने नेमकं काय करायचं, कुठे अर्ज करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. जे उत्तर येईल ते छापा, नाही आलं तर तेही छापा.

कळावे,
आपला एक वाचक, आणि सेकंडहँड मशीनवरच खेळणारा